आईचा हिस्सा चार वेळा बदलला, आणि आईने एकदाही काही केलं नाही

ओसरी

मागच्या रविवारी मोठ्या मामाचा फोन आला. पाऊस, इंद्रायणी भाताची लावणी, कुणाचं लग्न ठरलं, असं सगळं झाल्यावर शेवटी हळूच, "ताईला घेऊन एकदा तालुक्याला ये. एक सही आहे." कसली म्हटल्यावर, "काही नाही गं, हक्कसोड. रस्त्यात थोडी जमीन जातेय, कागद साफ पाहिजेत म्हणतात."

आई शेजारीच शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "जाऊ की. त्यात काय."

मला मात्र राहवेना. मी वकील नाही, बँकेत आहे. पण आठ दिवस रोज रात्री निकाल वाचत बसलेय आणि जे हाती लागलं ते इथे मांडतेय. चुकत असेन तर दुरुस्त करा.

आधी आमची परिस्थिती. मावळातली आठ एकर. पणजोबा १९४८ साली गेले, त्यांच्याकडून आजोबांना आलेली. आजोबा १९९७ ला गेले, आजी २०१० ला. दोन मामा आणि आई. आईचं लग्न १९७९ चं.

आता गंमत बघा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला, पण त्यातल्या कलम ६ ने एकत्र कुटुंबाची जुनी मिताक्षरा चौकट तशीच ठेवली. मुलाला जन्मतःच हिस्सा. मुलीला नाही. मुलीला मिळणार तो वडील गेल्यावर, तोही वडिलांच्या वाट्यातला एक तुकडा.

मग २२ जून १९९४. महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला आणि मुलींना मुलांसारखाच जन्मतः हक्क दिला. आंध्रने १९८६ ला दिला होता, तमिळनाडूने १९८९ ला, आपण तिसरे-चौथे. पण एक मेख होती: त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना हे लागू नाही. म्हणजे आईला नाही. तिच्या चुलत बहिणीचं लग्न १९९५ ला झालं, तिला लागू. एकाच वाड्यात वाढलेल्या दोघी.

९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. आई आत.

२०१५: सर्वोच्च न्यायालय, प्रकाश विरुद्ध फुलवती. दोन न्यायमूर्ती म्हणाले, ९ सप्टेंबर २००५ ला मुलगीही हयात हवी आणि बापही. आजोबा १९९७ लाच गेलेले. आई बाहेर.

२०१८: दानम्मा विरुद्ध अमर. पुन्हा दोनच न्यायमूर्ती. यात वडील २००१ ला वारले होते, तरी मुलींना भावांइतकाच हिस्सा मिळाला. आई... अर्धी आत? दोन्ही पीठं सारखीच, मग खालच्या कोर्टांनी ऐकायचं कुणाचं?

११ ऑगस्ट २०२०: विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा. तीन न्यायमूर्तींचं पीठ. हक्क जन्माने येतो, बापाच्या हयातीवर तो अवलंबून नाही. फुलवतीचा निकाल चुकीचा ठरवला. आई आत, पक्की.

आत, बाहेर, अर्धी आत, पक्की आत. या पंधरा वर्षांत आई नोकरी करत होती, निवृत्त झाली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला यातलं काही माहीतही नव्हतं. दर दिवाळीला मामा तांदळाचं एक पोतं पाठवत होता आणि भाऊबीजेला साडी. बास.

माझ्या हिशेबाने २००५ पूर्वीच्या कायद्याने आईचे ३२० गुंठ्यांपैकी २० गुंठे होते. आता किती?

सहा_पैसे

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. बायको आणि बहीण दोघी घरात आहेत, त्या झोपल्यावर वाचीन.

तालुका_कोर्ट

ओसरी, तारखा बरोबर. हिशेब चुकलाय. तुम्ही आजीला विसरलात. बहुतेक जण विसरतात, म्हणून आधी एक जुना खटला सांगतो. विनीता शर्मा सगळ्यांना पाठ आहे; माझ्या मते आपल्याकडच्या वाटपाच्या दाव्यांचा खरा पाढा त्याआधीचा आहे, आणि तो सांगलीचा आहे.

गुरुपाद खंडप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई खंडप्पा मगदूम, १९७८. नावं नीट वाचा. गुरुपाद मुलगा, हिराबाई त्याची आई.

खंडप्पा १९६० मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. दोन घरं, एक जमीन, दोन दुकानं आणि काही जंगम मालमत्ता. हिराबाईंनी सांगलीच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला आणि ७/२४ हिस्सा मागितला. मुलाचं म्हणणं काय? मिळकत एकत्र कुटुंबाची नव्हतीच, बापाची स्वकष्टार्जित होती. आणि वाटण्या तर १९५२ आणि १९५४ मध्येच होऊन गेल्यात. आज माझ्या टेबलावर जे कैफियतीचे, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे, कागद येतात त्यातली निम्मी वाक्यं हीच असतात. फक्त साल बदलतं.

खालच्या कोर्टाने वाटण्या झाल्याचं मानलं नाही, पण हिराबाईंना दिला १/२४. उच्च न्यायालयाने ७/२४ केला. मुलगा दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी निकाल लिहिला.

आता हा आकडा समजून घ्या, कारण सगळी ग्यानबाची मेख त्यात आहे. कायदा म्हणत होता, माणूस मरण्याच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं समजा आणि त्याचा वाटा काढा. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे बाप आणि मुलगे वाटप करतात तेव्हा आईलाही मुलाइतका वाटा मिळतो. म्हणजे खंडप्पा, हिराबाई, दोन मुलगे: चौघांना १/४. खंडप्पांचा १/४ मग सहा वारसांत, प्रत्येकी १/२४. हिराबाईंचा झाला १/४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४.

खालचं कोर्ट काय करत होतं? काल्पनिक वाटप मयताचा वाटा काढण्यापुरतं धरायचं आणि मग विसरून जायचं. चंद्रचूडांचं म्हणणं, एकदा वाटप झालं असं धरलंत ना, मग त्या वाटपात बाईला जे मिळालं असतं तेही द्या. मनातल्या मनात काशीला गेलात तर गंगेत डुबकीही मनातच मारावी लागते. (काशी माझी आहे, निकालात शोधू नका.)

२४ एकर धरा. हिराबाई ७, मुलगे ७ आणि ७. मुली? एक, एक, एक.

आईला एकावरून सातवर नेणारा निकाल आणि त्याच पानावर बहिणीचा एक एकर. दोन्ही खरं.

आता तुमचं. १९९७ चं जुन्या कायद्याने: आजोबा, आजी, दोन मामा, प्रत्येकी ८० गुंठे. आजोबांचे ८० चार वारसांत, प्रत्येकी २०. तुम्ही इथे थांबलात. पण आजीचे झाले १००. आजी मृत्युपत्र न करता २०१० ला गेल्या असतील तर त्यांचे १०० तिन्ही मुलांत समान, प्रत्येकी ३३ आणि वर थोडं. म्हणजे जुन्या कायद्यानेही तुमच्या आईचे ५३ गुंठे होत होते.

नव्या कायद्याने: आजोबा, आजी, दोन मामा, आई, पाच वाटे, प्रत्येकी ६४. आजोबांचे ६४ चौघांत, प्रत्येकी १६. झाले ८०. आजीचे ८० तिघांत. आईचे १०६ गुंठे आणि थोडे. बरोबर एक तृतीयांश, बरोबर दुप्पट.

पण त्याआधी तीन प्रश्न. जमीन आजोबांना कशी आली त्याचा फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची महसुली नोंद, आहे का? मामा-मामांत वाटप झालंय का, झालं असेल तर कशाने? आणि आईने याआधी कुठे सही केली आहे का?

काळीआई

वाचतोय. दोन बहिणींचा भाऊ आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

जमिनीचे एकर सगळे मोजतात. सोसायटीचं कर्ज कोण मोजतं? विहीर खोल केली २००३ ला, दोन लाख. पाईपलाईन माझी. बापाचं आजारपण सात वर्षं. बहिणींची लग्नं, त्यातलं एक माझ्या ट्रॅक्टरच्या पैशातून. आता रस्ता आला, एकराचा भाव आला, तर दाजींना कायदा आठवला. बहीण कधी बोलत नाही हो. दाजी बोलतात.

आणि वाटप म्हणजे काय, कागदावर ७/२४ लिहिणं सोपं आहे. माझ्या दीड एकरात तीन वाटे करा आणि मग तिथे नांगर फिरवून दाखवा.

पोथीनिष्ठ

काळीआई, मुद्दा रास्त आहे, पण "आता कायदा आठवला" यावर थोडा इतिहास. हे भांडण रस्त्यापेक्षा जुनं आहे.

१९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा लोक देशमुख कायदा म्हणून ओळखायचे. डॉ. गो. वि. देशमुख, मुंबईचे शल्यविशारद, मध्यवर्ती कायदेमंडळात होते. त्यातून विधवेला नवऱ्याच्या वाट्यात हक्क आला, पण हयातीपुरता. विकता येत नव्हतं. आणि मुलगी त्यातून वगळली गेली.

मग आंबेडकरांचं हिंदू कोड बिल. ते रखडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे त्याचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले, त्यातला वारसा कायदा हा एक. विधवेची ती हयातीची मालकी कलम १४ ने पूर्ण केली, हे मोठं पाऊल. पण कलम ६ मध्ये पुरुषांचं एकत्र कुटुंब शाबूत ठेवलं. मगदूम खटल्यातला मुलीचा तो एक एकर तिथून येतो. न्यायाधीशांनी दिलेला नाही, संसदेने ठेवलेला.

केरळने १९७५ मध्ये एकत्र कुटुंबच कायद्याने मोडीत काढलं. बाकीच्यांनी मुलींना आत घेतलं. दोन वेगळे रस्ते. मला केरळचा जास्त सरळ वाटतो, पण ते असो.

अण्णा_फेरफार

३१ वर्षं तलाठी आणि मग मंडळ अधिकारी म्हणून काढली. आता पेन्शनर. निकालांचं मला काही कळत नाही, पण ते निकाल गावात पोचताना कुठे अडतात ते सांगतो.

मयताची वर्दी आली की वारस नोंद. गाव नमुना ६-क मध्ये वारस लिहायचे, मग फेरफार धरायचा, नोटीस काढायची, हरकत आली नाही की मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचा. कागदावर बहीण-भाऊ सगळे येतात. पण मग सातबाऱ्यावर भावांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आणि बहिणींची कुठे? "इतर हक्क" मध्ये. जिथे सोसायटीचा बोजा लिहितात, विहिरीच्या पाण्याचा वाटा लिहितात, तिथे खाली बहिणी. तसा नियम होता म्हणून नव्हे. आधीच्याने तसं लिहिलं म्हणून नंतरच्याने लिहिलं. मीही लिहिलं. खोटं कशाला बोलू.

दुसरं, ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव आणि पुढे ही तीन अक्षरं. बाकीचे सगळे त्या तीन अक्षरांच्या पोटात. दहा वर्षांनी थोरल्याची मुलं म्हणणार, नाव तर आमच्या बापाचं आहे.

तिसरं म्हणजे जबाब. बहिणी चावडीवर यायच्या, बहुधा यात्रेला माहेरी आलेल्या असताना. "आमचे लग्नात वडिलांनी भरपूर खर्च केला असून आम्हांस हिस्सा नको, भावांची नावे लावणेस आमची हरकत नाही." हे वाक्य मी झोपेतही लिहू शकतो. खाली अंगठा, नाहीतर थरथरत केलेली सही. एक आठवते. सही करून झाल्यावर तिने भावाला विचारलं, "आता मला गाडीला सोडशील ना, पाचची चुकेल."

कोर्टवाल्यांनी सांगावं, त्या जबाबाला किंमत काय?

तालुका_कोर्ट

अण्णा, शून्य. निदान हक्क सोडण्यापुरती शून्य. शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो, नोंदणी कायद्याचं कलम १७. तलाठ्यापुढचा जबाब म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. आणि फेरफाराने मालकी मिळतही नाही, जातही नाही. ती महसुलासाठी केलेली नोंद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलंय. लोक मात्र सातबाऱ्यालाच सनद समजतात.

उलट, नोंदवलेल्या हक्कसोडपत्रावर सही झाली की मग कठीण. फसवणूक झाली, दबाव होता, वाचून दाखवलं नाही, हे सिद्ध करत बसा, आणि तेही कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावून. म्हणून ओसरी, "फॉर्म्यालिटी" हा शब्द कुणी वापरला की पेन खिशात ठेवायचं.

काळीआई, तुमच्यासाठी. कायदा एकतर्फी नाही. २००५ नंतर मुलगी वाटा घेते तशी एकत्र कुटुंबाची देणीही तिच्यावर येतात, कलम ६ मध्येच लिहिलंय. कुटुंबाचं कर्ज तुम्ही एकट्याने फेडलं असेल तर कागद जपून ठेवा आणि हिशेब मागा. तुमच्या नावावरची, तुमच्या पैशाने घेतलेली जमीन तर वाटपात येतच नाही. आणि कोर्टाचा हुकूम झाला तरी शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कलेक्टरमार्फत, मोजणी करून होतं. "सरस-निरस मानाने" हे शब्द हुकुमात असतात. विहिरीकडची काळी एकाला आणि माळाची मुरमाड दुसरीला, असं करता येत नाही. कुणी फक्त पैसे घेऊन मोकळी होणार असेल तर तडजोड करून तसंही करता येतं.

काळीआई

सरस-निरस कागदावर असतं. तुम्ही मोजणीच्या दिवशी बांधावर येऊन बघा. पण देण्यांचं माहीत नव्हतं, ते वाचतो.

खडीसाखर

मी ती जबाबवाली. म्हणजे अण्णांच्या गावची नव्हे, पण तसलीच.

आम्ही तिघी बहिणी, एक भाऊ. वडील २००८ ला गेले, तेराव्यालाच कागद आला. तेव्हा वाटलं, भावाचं आधीच वाईट चाललंय, कशाला. थोरलीने केली म्हणून मी केली, मी केली म्हणून धाकटीने. नोंदवलेलं हक्कसोड होतं, तालुक्याला जाऊन, फोटो काढून, अंगठे लावून. साहेबांनी विचारलं, स्वखुशीने ना? तिघी एकदम "हो" म्हणालो, शाळेत म्हणतात तसं.

मला जमिनीचं दुःख नाही. नंतर एका दिवाळीला मी माहेरी गेले आणि भावजय म्हणाली, "ताई, एवढ्या दिवस राहणार आहात तर आधी कळवत जा." पूर्वी कधी म्हणाली नव्हती. कदाचित सहज म्हणाली असेल. मला ते २०० किलोमीटर परत येताना एसटीत सगळा वेळ ऐकू येत होतं.

काळीआई, दाजी बोलतात हे खरं आहे. आमचे हे अजून बोलतात. पण बहीण बोलत नाही याचा अर्थ तिला नको असतं असा नाही. बहीण बोलली की माहेर संपतं, हे तिला माहीत असतं.

मांडवीकाठ

गोव्याहून. तुमच्याकडचं वाचताना दरवेळी दम लागतो.

आमच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालत आली, आता तिच्या जागी २०१२ चा वारसा कायदा आहे, लागू झाला २०१६ मध्ये. धर्म कुठलाही असो, मुलगा-मुलगी समान. मृत्युपत्र केलं तरी निम्म्या मालमत्तेपर्यंतच, उरलेली निम्मी मुलांची राखीव, ती बापालाही काढून घेता येत नाही. आणि लग्न झालं की सहसा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे निम्मी मुळातच बायकोची. तुमच्या हिराबाईंना ७/२४ साठी दिल्लीपर्यंत जावं लागलं, इथे नवरा गेल्यावर तिच्या निम्म्याला कुणी हात लावत नाही.

२०१९ चा एक निकाल तुमच्याशी जोडलेला आहे, जोझे पावलो कुतिन्हो खटला. गोव्याचा गृहस्थ, मुंबईत घर घेतलं, १९५७ मध्ये मृत्युपत्र करून ते एकाच मुलीला दिलं. बाकीच्या मुलींचं काय? प्रश्न असा, की घर मुंबईत म्हणून भारतीय वारसा कायदा लावायचा की माणूस गोव्याचा म्हणून गोव्याचा? सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गोव्याचा रहिवासी असेल तर त्याची भारतात कुठेही असलेली मालमत्ता गोव्याच्याच कायद्याने वाटली जाईल. दादरला राहणाऱ्या किती गोवेकरांना हे माहीत आहे कुणास ठाऊक.

आमच्याकडेही सगळं गोड नाही हं. एका घरावर चाळीस नावं, अर्धी लिस्बनमध्ये. छप्पर गळतंय आणि सही करायला कुणी नाही.

सहा_पैसे

दोघी झोपल्या. वाचलं. एक शंका, तालुका_कोर्ट. मगदूम हिशेबात २४ एकरांपैकी आईला ७ मिळत होते. त्याच घराला नवा कायदा लावला तर? मी पाटीवर मांडलं: बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली, सात वाटे. बापाचा सातवा भाग सहा जणांत. सगळ्यांचे येतात चार-चार एकर.

मुलीचे एकाचे चार झाले, उत्तम. मुलग्यांचे सातावरून चार, ठीक आहे. पण आईचेही सातावरून चार झाले की! म्हणजे १९७८ ला जे हिराबाई भांडून मिळवून आल्या त्यातले तीन एकर २००५ ला लेकींना गेले?

तालुका_कोर्ट

गणित बरोबर आहे. आणि हे फार कमी लोक बोलून दाखवतात. २००५ ला मुलगी कोपार्सनर झाली, म्हणजे जन्मतःच हिस्सेदार, पण आई झाली नाही. नवरा हयात असताना ती स्वतः वाटप मागू शकत नाही, बाप-मुलांनी वाटप केलं तरच तिला वाटा. घरात वाटेकरी वाढले की तिचा वाटा आपोआप बारीक होतो. लेकींचा हक्क फक्त भावांच्या ताटातून आला असं नाही, आईच्या ताटातूनही थोडा आला.

अजून एक सापळा सांगून ठेवतो, कारण धागा वाचून दहा जणी उद्या वकिलाकडे जातील. "वडिलोपार्जित" म्हणजे वडिलांची कुठलीही जमीन नव्हे. चंदर सेन खटल्यात, १९८६, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९५६ नंतर कलम ८ ने मुलाला बापाकडून जे वारशाने येतं ते त्याचं स्वतःचं. म्हणजे आजोबांनी स्वकष्टाने घेतली, ते १९७० ला गेले आणि जमीन वडिलांना आली, तर त्या वाट्यात नातवाला-नातीला जन्मतः काही नाही. वडील ती विकू शकतात, मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. ओसरींच्या घरी पणजोबा १९४८ ला गेले म्हणून त्यांची गोष्ट वेगळी. दहा वर्षं उशिरा गेले असते तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला असता.

ओसरी

सगळ्यांचे आभार. आजीला मी विसरले हे वाचून कानशिलं गरम झाली.

तुमचे तीन प्रश्न घेऊन जुने फेरफार काढले. पणजोबांच्या वारसाचा १९४९ चा फेरफार सापडला, मोडीतून बाळबोधीत आणलेला, निम्मा पुसट, पण आजोबांचं नाव स्पष्ट. १९९८ चा वारस फेरफार: कब्जेदार फक्त दोन्ही मामा; आजी आणि आई, अण्णा म्हणतात तसंच, इतर हक्कात. "बहिणीचे नाव" असं कंसात. आणि २००१ चा वाटपाचा फेरफार, "उभयतांचे तोंडी वाटपाचे वर्दीवरून", मोठ्या मामाला रस्त्याकडचे चार एकर, धाकट्याला ओढ्याकडचे चार. आई किंवा आजी यांची सही कुठेच नाही.

आईने आजवर कशावरच सही केलेली नाही. मला शंका होती, तिला नाही. म्हणाली, "अंगठा तर मी उमटवणार नाही, मी मॅट्रिक आहे."

तालुका_कोर्ट

मग २००१ चं वाटप आईला बाधत नाही असं मी म्हणेन. २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटपं कायद्याने वाचवली आहेत, पण वाटप म्हणजे नोंदवलेला दस्त किंवा कोर्टाचा हुकूम, असं कलमातच लिहिलंय. विनीता शर्मामध्ये तोंडी वाटपाला जागा ठेवली ती अगदी अपवाद म्हणून, सार्वजनिक कागदपत्रांनी पक्कं सिद्ध झालं तर. मामांचा वकील २००१ चा फेरफार दाखवून तेच म्हणणार, त्यामुळे लढाई तिथे होईल. पण ज्या वाटपात एक हिस्सेदार आजी स्वतः हयात असून तिला एक गुंठाही दिला नाही, ते वाटप कसलं, हे विचारता येईल.

अर्थात हा दाव्याचा विचार झाला. दावा लावायचाच असं मी म्हणत नाही. प्राथमिक हुकूम, अपील, मग दरखास्त (हुकूम अमलात आणायचा अर्ज), मग मोजणी. तुमच्या आईच्या वयाला हे सांगताना मीच चाचरतो.

अण्णा_फेरफार

नोंदीपुरतं सांगतो. मयत खातेदारांच्या जागी वारस लावायला २०२५ मध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम झाली. आजींच्या वारसाची नोंद राहिली असेल तर अर्ज करा. दावा नको, भांडण नको. आईचं नाव इतर हक्कातून वर येऊ दे. मग सही मागायला येणारा माणूस जरा वेगळ्या आवाजात बोलतो.

काळीआई

काल बहिणीला फोन केला. विहिरीचा खर्च, सोसायटी, सगळं वहीत मांडलंय, बघायला ये म्हटलं. ती म्हणाली दाजींना विचारते. मी म्हटलं तू ये, दाजी नको. बघू.

खडीसाखर

काळीआई, वही आधी दाखवा, चहा नंतर.

ओसरी

परवा रात्री आईसमोर कागद मांडला. ३२० गुंठ्यांचा चौकोन काढला, रंगीत पेन्सिलीने. तुझे १०६. तिने चष्मा लावून बघितलं, "हं" म्हणाली. फार काही वाटल्याचं दिसलं नाही. मग मी १९९७ चा चौकोन काढला, जुन्या कायद्याचा, समजावं म्हणून. हे मोठ्या मामाचे १००, हे धाकट्याचे १००, हे तुझे २०, आणि हे आजीचे १००.

तिथे ती थांबली. "म्हणजे दादाइतकेच? आईचे?"

हो म्हटलं. त्याच दिवसापासून.

बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मग ती आळंदीला जायला दादाकडे एसटीचे पैसे का मागायची?"

मला काही सुचलं नाही. तिने कागदाची घडी करून पोथीत ठेवली. सकाळी तिनेच मामाला फोन लावला. म्हणाली, सही आत्ता नाही, आधी आईच्या वारसाची नोंद कर, मग बसू. मामा काही तरी बोलत होता, बराच वेळ. आई ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तांदूळ पाठवू नकोस असं मी कुठे म्हटलं?"

अण्णा, वारस नोंदीचा अर्ज आता ऑनलाइन करायचा की चावडीत? तालुका_कोर्ट, २००१ च्या फेरफाराचा फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवलाय, खालची ओळ वाचता येत नाहीये.